बुजवलेली खिडकी

बाबा,

तुमच्या फुफ्फुसाचा तुकडा आज आमच्या लॅबमध्ये आला. अहवाल मैत्रिणीने लिहिला, पण मला राहवलं नाही, मीही पाहिला.

आतल्या अस्तराच्या पेशी म्हणजे तुमच्यासारखेच हाडाचे गवंडी! इजा झाली की दुरुस्तीसाठी इतर पेशींना हाका मारतात आणि जखम भरली तरी थांबत नाहीत. थरावर थर चढून भिंत जाड झालीय, हवा आत जाईना. वारा शिरतो म्हणून फटी बुजवता बुजवता तुम्ही स्वयंपाकघरातली खिडकीच बंद केलीत, तसंच.

फुफ्फुस आता पुन्हा मोकळं होणार नाही. तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. हे पत्रही पर्समध्येच राहील.

रविवारी छिन्नी घेऊन येतेय. खिडकी उघडणारच. तुम्ही शेजारपाजार गोळा होईल असं ओरडा. तेवढा श्वास उरलाय, हे मला ऐकायचंय.

तुमची,
ठमी