साक्षीतले हळदीकुंकू

आई, तू न्यायालयात शपथेवर खोटे बोललीस, हे तुझ्या श्राद्धाला जेवणाऱ्या कोणालाही पटणार नाही. मला मात्र ते सप्रमाण ठाऊक आहे, कारण त्या असत्यभाषणाचा एकमेव बळी मी होतो.

ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या एका कारखान्यात मी भांडारपाल या भारदस्त पदावर नटबोल्ट मोजत असे. तिथल्या मालकाने माझ्यावर चोरीचा आळ घेतला आणि दीड वर्ष मी शासकीय आतिथ्याचा उपभोग घेतला. अपिलात निर्दोष सुटलो, तेव्हा मालकावर भरपाईचा दिवाणी दावा लावला. वकील म्हणाले, नुसते निर्दोष असून भागत नाही. अब्रू गेल्याचे सिद्ध करावे लागते, आणि ती साक्ष आईंनी द्यायची. साक्ष सोपी होती. मी आत असताना दोन संक्रांती गेल्या. मुलुंडच्या आपल्या चाळीत रथसप्तमीपर्यंत दारोदार हळदीकुंकू झाले. तुला एकाही घरून बोलावणे आले नाही. ठेवणीतले लुगडे नेसून तू जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत बसायचीस, हे बाबांनी मला तुरुंगातल्या भेटीत सांगितले होते.

साक्षीच्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तुला धीर द्यायला म्हणून आल्या आणि पुढच्याच बाकावर विराजमान झाल्या. वकील विचारतात, "मावशी, मुलाला शिक्षा झाल्यावर शेजारणी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवत होत्या का?" तू काकूंकडे पाहतेस, पदर सावरतेस.

"बोलवायच्या की. या बसल्यात ना, त्या तर हात धरून न्यायच्या."

वकिलांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. अब्रूची हानी शाबीत होत नाही, म्हणून पुढे दावा फेटाळला गेला. साक्षीहून घरी येताना मी तुला संस्कृतप्रचुर भाषेत झापले. तू एवढेच म्हणालीस, "तिच्या तोंडावर कसं सांगू रे? उद्या नळावर तिच्याच शेजारी उभं राहायचंय मला."

पुढच्या संक्रांतीला काकू दारात आल्या आणि त्यांनी खरोखरच तुझा हात धरला. वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या गाळणीने तू मला चहा गाळून दिलास. मी निकालपत्रात व्यग्र असल्याचा अभिनय करीत होतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आणि आता पत्र टाकायला तुझा पत्ता नाही. दाव्याच्या निकालावरच्या अपिलाची मुदत वकिलांच्या हलगर्जीपणामुळे टळली, असे मी तुला सांगितले होते. ते बिचारे कागद तयार ठेवून माझी वाट पाहत होते. त्यातला पहिलाच मुद्दा होता, वादीच्या मातोश्रींची साक्ष असत्य आहे. मी सही केली नाही. घरी येऊन दोष वकिलांच्या माथी मारला. निर्दोष माणसावर आळ घेणे किती सोपे असते, ते मला त्या दिवशी कळले.