झीनाच्या बापाचं नाव

मँटाय, युटा
१२ मार्च १८८६

ती. लव्हिनाताईस,
धाकट्या केझियाचा सा. न. वि. वि.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते. परवा मला कोर्टात उभं केलं. मी लिएंडरची दुसरी बायको आहे हे ठरलं असतं, तर दोन बायका केल्या म्हणून त्यांना सहा महिने तुरुंग. कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवून वकिलानं विचारलं, ह्याचा बाप कोण. मी म्हटलं, ठाऊक नाही. सगळं कोर्ट हसलं. मागून कुणी म्हणालं, बाईला आठवत नसेल हो, किती जण लक्षात ठेवणार!

ताई, शेजारी माझी झीना बसली होती. तिनं माझा हात सोडला. वाटेत एवढंच म्हणाली, मग माझा बाप तरी ठाऊक आहे का?

धर्मासाठी केलंस, असं इथे सगळे म्हणतात. माझी मान मात्र वर होत नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे.
केझिया

लमोनाय, आयोवा
४ एप्रिल १८८६

चि. केझियास अ. उ. आ.

पत्र वाचलं. आपल्या पंथाच्या संदेष्ट्यानं दोन बायकांची रीत शिकवलीच नाही, तुमच्या युटाच्या पुढाऱ्यांनी ती मागाहून घुसवली, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय आणि तू मला वेड्यात काढतेस. लहानपणी दूध काढतानाही वाद घालायचीस! असो. आज वाद नको. मुलांना घेऊन इथे ये.

फक्त एक सांभाळ. इथल्या मंडळीत मी सांगून ठेवलंय, की माझी बहीण विधवा आहे. सवतीवर नांदणारी बहीण म्हटलं तर इथे कुणी मला शेजारी बसवून घेणार नाही. लिहिताना माझीच मला लाज वाटते. विधवेला घालायचे तुझे काळे कपडे मी शिवून ठेवते.

रागावू नकोस, ये.
तुझी ताई

मँटाय
२० जून १८८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

काळे कपडे शिवू नकोस.

झीनाला आठ वर्षं पुरी झाली. मागच्या रविवारी ओढ्यावर तिचा बाप्तिस्मा होता. पाण्यात उतरण्याआधी मुलीचं पूर्ण नाव विचारतात. बापाच्या नावाशी झीना अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. काठावर सरकारी माणसं उभी होती. आमचे लोक मला डोळ्यांनी गप्प करत होते. मी मोठ्यानं सांगितलं, लिएंडर हॅस्लम. माझा नवरा.

मंगळवारी त्यांना धरून नेलं.  त्यांची थोरली बायको अल्मेडा दारात येऊन म्हणाली, तू तुझी लाज धुतलीस, पण माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढून. ती खोटं कुठे बोलली? आता त्यांच्या जागी तिच्या कुरणात मी गवत कापते.  दुपारी ती माझ्यापुढे पाव ठेवते आणि निघून जाते.

लाज गेली नाही, ताई. फक्त दुसरी आली. पण तुझ्याकडे विधवा होऊन आले, तर झीनाला पुन्हा काय सांगू?

बापाला पकडून देणारीची पोर म्हणून तिला इथे चिडवतात. ती भांडून येते. पण भांडताना आपलं पूर्ण नाव सांगते.

विसरू नकोस मला.
केझिया