माडीवरचं छत पाडण्याबाबत

माडीवरच्या खोलीच्या छताला काय काय लागलं ते आधी लिहितो, कारण वाटणीच्या वेळी ते कोणी धरणार नाही. हौदात वर्षभर भिजवलेला चुना. बारीक चाळणीने चाळलेली वाळू. एका अख्ख्या उन्हाळ्याचं घरातलं दूध. तेवढे महिने पोरं कोरा चहा प्यायली. माझा उजवा खांदा, जो तेव्हापासून कानाच्या वर जात नाही. चुन्याचा थेंब पडून अधू झालेला डावा डोळा. आणि माझ्या बायकोची पाठ. जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून ती उभी राहायची आणि मी खालून तिचं चित्र काढायचो. "झालं का?" ती विचारायची. "झालंच," मी म्हणायचो. ते कधीच झालेलं नसायचं.

आता रीतीप्रमाणे. मी, खाली सही करणारा, ज्याला सगळा बाजार 'पाटीवाले' म्हणून ओळखतो, वय एकाहत्तर, धंदा आधी दुकानांच्या पाट्या रंगवणे व मागाहून चित्रे, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी कोणी दटावले म्हणून किंवा कोणी गोड बोलले म्हणून करत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. परवा माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रोजचंच काम असतं हो त्यांचं." मी म्हटलं, "बाई, मीही गिऱ्हाइकाला हेच सांगायचो. सांगताना शिडी हलत असायची." ऑपरेशनची भीती वाटत नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती डोक्यावर आहे, ती कलम चारमध्ये लिहिली आहे. ज्याला घाई असेल त्याने तेच आधी वाचावे.

कलम एक. बँकेत जी काही शिल्लक असेल ती माझ्या लेकीला द्यावी. तिने आजवर माझं एकही चित्र मागितलं नाही, यावरून तिची व्यवहारबुद्धी दिसून येते.

कलम दोन. पाट्यांचे ब्रश, दोरी, फूटपट्ट्या आणि उरलेले ऑइलपेंटचे डबे शेजारच्या घड्याळजींना द्यावेत. त्यांच्या दुकानाची पाटी मीच लिहिली होती आणि ती आता वाचता येत नाही. त्यांनी स्वतः गिरवून घ्यावी, म्हणजे रेषा ओढणं कशाशी खातात ते कळेल. शिडी मात्र कोणाला देऊ नये. ती कलम चारसाठी लागणार आहे.

शिडीवरून आठवलं. मी शिकलो तो शिडीवर, आणि शिकलो कानांनी. शिडीवर चढलेला माणूस लोकांच्या लेखी माणूस नसतो, त्याच्यासमोर ते काहीही बोलतात. आत शेटजी बायकोला सांगायचे, "मागेल त्याच्या निम्मे दे," आणि मी खाली उतरून दुप्पट मागायचो. तेलाचा डबा हलवून मी भेसळ सांगत असे. जिन्यावर कोण येतंय ते चपलेवरून सांगत असे, अजूनही सांगतो. सूनबाई म्हणते, "बाबा, रेडिओ फार मोठा लावता हो." रेडिओ जुना झाला आहे, त्याला तो तरी काय करणार. माझ्या कानांनी मला आयुष्यात एकदाही फसवलेलं नाही, हे मी इथे कायद्याच्या कागदावर लिहून देतो.

कलम तीन. चित्रे. पाट्यांचा पैसा साठल्यावर मला हौस सुटली की असा रंग शोधायचा, जो मी गेल्यावरही राहील. म्हणून एकेक प्रकार करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी चित्राला बसवलं ते माझ्या बायकोलाच. ती फुकट बसायची आणि चित्र बिघडलं तर पैसे परत मागायची नाही.

तैलचित्रात काळा रंग खोल दिसावा म्हणून मी डांबर घातलं. ते चित्र आजतागायत वाळलेलं नाही. त्यात तिचे केस हळूहळू कपाळावरून उतरत नाकापर्यंत आले आहेत. हे चित्र चित्रकार मंडळाच्या अध्यक्षांना द्यावे. माझ्या पहिल्या प्रदर्शनात ते चारचौघांत म्हणाले होते, "पाटीवाल्यांचं अक्षर मात्र सुरेख आहे हं." त्यांनी ते आपल्या पांढऱ्या कोटात, काखेत धरून न्यावे अशी माझी इच्छा आहे.

मेणात रंग कालवून केलेलं चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं होतं. एका उन्हाळ्यात हनुवटी गळ्यावर आली. बायको ते बघून म्हणाली, "म्हातारपणी अशीच दिसेन ना? बरं झालं, आधी कळलं." तिला म्हातारपण आलंच नाही. हे चित्र माझ्या मेव्हण्यांना द्यावे. ते म्हणाले होते, "दाजी, माझ्या बहिणीला एकही रंग टिकत नाही, असं कसं हो?" आम्ही दोघं हसलो होतो. ते वाक्य मी विसरलेलो नाही, हे त्यांना कळावे.

अंड्याच्या बलकात केलेल्या चित्राचा गाल झुरळांनी खाल्ला. जलरंगातलं चित्र खिडकीसमोर राहिलं आणि उन्हाने चेहरा नेला; साडी शिल्लक आहे, काठांसकट. ही दोन्ही जाळून टाकावीत. मला ती बघवत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

फोटो आहेत. पण फोटोत ती फोटोग्राफरकडे बघते आहे. छतावर ती माझ्याकडे बघते.

कलम चार. राहते घर, खाली दोन खोल्या व माडी, चिरंजीवांना मिळावे, परंतु एका अटीवर. माडीवरच्या खोलीचे छत, म्हणजे स्लॅबला खालून केलेला चुन्याचा गिलावा, त्यावरच्या चित्रासह पाडल्याखेरीज घर त्यांच्या नावावर होणार नाही. छत पाडायच्या आधी मी गेलो, तर ते पडेपर्यंत त्या खोलीत कोणी झोपू नये, पाहुणासुद्धा नाही.

ज्याने ते पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सांगतो. छताला मधोमध मोकळं आकाश रंगवलं आहे आणि कडेने कठडा. कठड्यावरून आमची माणसं खाली वाकून बघताहेत: माझे वडील, माझी आई, लहानपणीची मुलं, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात ही. चुना ओला असताना रंग लावला की तो आत मुरतो आणि चुन्याबरोबर दगड होतो, हे मला ठाऊक होतं. पण ओल्या चुन्यावर घाई करावी लागते, आणि चेहरे घाईत होत नाहीत. म्हणून चेहरे मी सुकल्यावर केले, दुधाच्या खळीत. दूध फाडायचं, चोथा पिळायचा, त्यात चुना घोटायचा, की अशी चिकट खळ होते की बोटं सुटत नाहीत. मी फुशारकीने सगळ्यांना सांगितलं, घर पडेल पण हे चित्र पडणार नाही. ती खळ सुकताना किती आवळते हे मला वर्षांनी कळलं. ती खालचा गिलावाच ओढून सोडवते, जखमेची खपली निघावी तसा.

म्हणून मी रोज सकाळी बांबूच्या टोकाने छताला टिचकी देतो आणि ऐकतो. स्लॅबला धरून असलेला गिलावा 'ठक' म्हणतो. सुटलेला 'ढब' म्हणतो, रिकाम्या डब्यासारखा. जिथे ढब ऐकू येतं तिथे मी खडूने रेघ ओढतो. पहिली रेघ दाराजवळ ताटाएवढी होती. आता तिच्यात माझे वडील, पंख्याचा हूक आणि अर्धं आकाश आलं आहे. सकाळी उठल्यावर मी आधी चादरीवरून तळवा फिरवतो. वाळू लागते. गेल्या आठवड्यात नातीच्या, आमच्या चिमणीच्या, केसांत पांढरं दिसलं. सूनबाई म्हणाली, "पावडर आहे बाबा, मीच लावली." मी चिमटीत घेऊन दाताखाली धरलं. करकरलं.

चिरंजीवांना सांगून झालं आहे. त्यांचं म्हणणं, ऑपरेशनच्या धसक्याने मला असं होतंय.

"बाबा, आता छतसुद्धा बोलायला लागलं का तुमच्याशी?"

"बोलतंय. तू ऐक की एकदा."

त्याने बांबू घेतला, दोनदा ठोकलं. "मला तर दोन्ही सारखंच वाटतंय."

"मग माझ्यावर विश्वास ठेव."

"आणि आईला पाडू?"

"आईला नाही रे. गिलाव्याला."

बांबू त्याने कोपऱ्यात नीट उभा करून ठेवला, जसा आजारी माणसाच्या हातातून एखादी वस्तू काढून ठेवतात. तेव्हा मी ठरवलं की हे कागदावर घालायचं. माझ्या बोलण्याला तो भीक घालणार नाही, पण घराच्या कागदाला घालेल. मुलगा माझाच आहे.

आज आम्ही सगळे माडीवरच झोपतो; मग खाली कुठे झोपणार, असा प्रश्न निघेल. खालच्या दोन्ही खोल्यांत टर्पेंटाइनचा वास भरलेला आहे आणि तिथे पोरीला खोकला येतो, हे खरं आहे. माझे सगळे डबे आधी काढावेत, भिंती धुवाव्यात, मग झोपावे. खोकला बरा होतो.

कलम पाच. वरच्या अटीला एक अपवाद. खिडकीकडचा कोपरा, जिथे माझी पत्नी कठड्यावर हात टेकून खाली बघते आहे, तेवढा ठेवावा. कडेने छिन्नीने खाच पाडून तो भाग वेगळा करावा आणि बाकीचं उतरवावं. तो कोपरा पक्का आहे. तिचा चेहरा मला साधत नव्हता म्हणून तिथे खळीचे हात सगळ्यांत जास्त बसले आहेत, इतरांच्या तिप्पट तरी. तिथे मी रोज, आणि खरं सांगायचं तर दिवसातून बऱ्याचदा, टिचकी देतो. आजही सकाळी दिली. ठक. खणखणीत. एवढ्या विश्वासाने सांगतो की गेल्या आठवड्यात चिमणीचा चाकांचा पाळणा मी स्वतः ढकलत नेऊन तिच्या बरोबर खाली ठेवला आहे. घरात सध्या त्याहून सुरक्षित जागा नाही.

कलम सहा. माझ्या मागे शोकसभा वगैरे घेतली तर अध्यक्षांना बोलू देऊ नये.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

सही: पाटीवाले

साक्षीदार:
१. घड्याळजी, शेजारी. (यांनी कलम चार वाचले आणि माडीवर सही करायला नकार दिला. "पाटीवाले, आपण खाली ओसरीवर बसू या की, वारा छान आहे," असे म्हणाले. म्हणून सगळे खाली आलो. पाहुणे आले म्हणून सूनबाई चिमणीलाही कडेवर घेऊन खाली आली.)
२. डॉक्टरीणबाई, समोरच्या घरात राहणाऱ्या.

स्थळ: राहते घर, ओसरी.
दिनांक: सतरा फेब्रुवारी, दुपार.

सह्या झाल्यावर वाढवलेला मजकूर, त्याच साक्षीदारांसमोर. याच्या बाजूला तिघांनी समासात पुन्हा सह्या केल्या आहेत.

कलम पाच रद्द. छत सगळे पाडावे, कोपऱ्यासकट.

घड्याळजी चिमणीच्या कानाशी घड्याळ धरून तिला टिकटिक ऐकवत होते, तेव्हा हे झाले. खडूच्या रेघांच्या आतलं काहीही पडलेलं नाही. वडील, पंखा, आकाश जागच्या जागी आहेत. पडला तो माझ्या पत्नीचा चेहरा आणि एक हात, अखंड तुकडा, परातीएवढा आणि तळव्याइतका जाड. तो पाळण्यात पडला. पाळण्याची एक दांडी वाकली आहे, गादी फाटली आहे. पाळणा रिकामा होता. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी बघितली आणि पाणी दिलं. सूनबाई ओसरीवरून उठायला तयार नाही. चिरंजीव शिडी घेऊन वर गेले आहेत आणि पहिला घाव त्यांनी घातला आहे, असे घड्याळजी मला सांगतात.

आणखी एक गोष्ट साक्षीदारांच्या आग्रहाने नाही, माझ्या मनाने लिहितो. तो तुकडा पडल्याचा आवाज घड्याळजींना आला, डॉक्टरीणबाईंना आला, सूनबाईला आला, चिमणीने मान वर करून बघितलं. मला आला नाही.