सरकारी भाडेकरू जाणार कुठे?

७ मार्च
आजपासून मी गुंतवणूकदार. टोलेडो शहराच्या पूर्व भागात एक जुनं घर घेतलं, राहत्या घरावर कर्ज काढून. अर्लीनने विचारलं, मर्ल, हप्ते थकले तर आपण राहायचं कुठे? बायकोला गुंतवणुकीतलं कळत नाही. भाडेकरू सरकारी मदतीवाला ठेवायचा, म्हणजे बरंचसं भाडं सरकार परस्पर बँकेत टाकतं. सरकार काही पळून जात नाही.
ठराव : नाताळपर्यंत नोकरी सोडायची.

१९ मार्च, दुपारी
भाडेकरू मिळाली! ओडेसा बिग्ज. शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण, दोन मुली, हातात सरकारी मदतीचं व्हाउचर. बाईंनी नळ सोडून पाहिले, फ्लश ओढला, जिन्याचा कठडा हलवला. म्हणाल्या, मालक, हा माझ्याआधी खाली पोचेल. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

३ एप्रिल
घराची सरकारी तपासणी पास. कठडा, गळती वगैरे लायलने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, फुकटात करून दिलं. सुतार आहे. भागीदारीचं विचारत होता. मी हसण्यावारी नेलं. हातोडा मारणं वेगळं, धंदा वेगळा.

११ ऑक्टोबर
बिग्जबाईंचा फोन, या महिन्यातला पाचवा. खिडक्यांतून वारा येतो, धाकटी खोकते. मी समजावलं की भाडं बहुतेक सरकारचं, मग तक्रार तुमची कशी? बाईंनी फोन ठेवला. पटलं असावं.

२३ ऑक्टोबर
तरीही मन मोठं केलं. शनिवार-रविवार खपून सगळ्या खिडक्यांना ऑइलपेंट दिला. फटीसुद्धा रंगाने बुजवल्या. वारा बंद. असा मालक मिळायला नशीब लागतं.

९ फेब्रुवारी
वार्षिक तपासणी. नापास!! खिडक्या उघडत नाहीत म्हणे. रंगाने चिकटल्या. इन्स्पेक्टरने विचारलं, आग लागली तर मुलींनी उडी कुठून मारायची? किती अशुभ बोलतात ही माणसं. महिन्याची मुदत. लायल म्हणाला, पैसे दे, दोन दिवसांत करतो. आता पैसे मागतो! स्वतःच सुरी घेऊन बसलो. एक काच फुटली. पुठ्ठा लावला. तात्पुरता.

११ मार्च
पुन्हा नापास. सरकारने भाडं थांबवलं. हरकत नाही. भाडं देणाऱ्या सरकारी ऑफिसला तीन पानी पत्र लिहून दिलं, एक प्रत बाईंनाही : बिग्जबाई स्वच्छ, शांत, वक्तशीर, अशी भाडेकरू लाखात एक. आमचे संबंध बघून तरी विरघळतील.

१८ मार्च
विरघळले नाहीत. ऑफिसच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली की व्हाउचर घराचं नसतं, बाईंचं असतं. करार संपला की ते घेऊन त्या कुठेही जाऊ शकतात, आणि त्या चालल्याच आहेत. वर्षभर मी समजत होतो ते घराला जोडलेलं आहे. वीजमीटरसारखं. मला कुणी सांगितलं नाही. फसवलं सगळ्यांनी. रस्त्यात गाडी बाजूला घेऊन रडलो.

३१ मार्च
बाई गेल्या. दोनच गल्ल्या पलीकडे. लायलने घेतलेल्या घरात! त्याने पावसाळी गटारापासून छपरापर्यंत सगळं नीट करून ठेवलंय. बाईंनी दाखवलेलं माझं पत्र वाचून त्यांना लगेच हो म्हटलं म्हणे. घरचाच माणूस असा उलटला. तावातावाने हे अर्लीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, ठाऊक आहे, लायलचं ते घर निम्मं माझं आहे, आईकडून आलेले पैसे त्यात घातलेत. आपल्या कर्जाचा हप्ता आता त्या भाड्यातून जाईल, नाहीतर आपलं हे राहतं घर गेलंच होतं. मला का नाही सांगितलंस विचारलं. म्हणाली, दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तू छान म्हणालास आणि लिहीत बसलास.
सही करण्याआधी बिग्जबाईंनी एकच गोष्ट विचारली होती : कागदावर कुठे मर्लसाहेबांचं नाव नाही ना?
अर्लीनने शब्द दिला, नाही.