मागच्या रांगेतले बाबा

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवा टीव्ही आणला त्या रविवारी सकाळी मी जुना संच पलंगाखाली सरकवला, नव्याची काच मऊ फडक्याने पुसली आणि सातच्या ठोक्याला ते जुनं चॅनल लावलं. सातला त्यावर प्रार्थनेच्या गाण्यांचं जुनं चित्रण लागतं, आणि बाबा गेल्यापासून अकरा वर्षं आईचा रविवार तिथूनच उजाडतो. गाणाऱ्यांची पुढची रांग बसलेली, मागची उभी, आणि मागच्या रांगेत सगळ्यांत उंच आपले बाबा.

त्या दिवशी मागच्या रांगेत कुणालाच डोकं नव्हतं. बाबा गळ्यापर्यंतच. जोडलेले हात तेवढे दिसत होते, आणि आवाज वरून कुठून तरी, खिडकीतल्या उन्हातून झिरपल्यासारखा. मला वाटलं, चॅनलवाल्यांची फीत खराब झाली असेल. आई शांतपणे बघत राहिली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, की चला, गेले एकदाचे वर.

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला माळ्यावरची बॅग काढायला लावली. रविवारी ह्यांना एकटं कसं सोडू, म्हणून इतकी वर्षं तुझ्याकडे यायचं टाळलं. आता ह्यांनीच मोकळं केलं, असं तिचं म्हणणं. तू किती मागे लागली होतीस! मला आनंद व्हायला हवा. पण घरात आम्ही दोघंच. ती गेली की या खोल्यांना माझ्या एकट्याच्या चपलांचा आवाज किती पुरणार?

फोनवर हे बोलता येत नाही, ती शेजारीच असते. म्हणून हे पत्र. मुलांना आशीर्वाद, आणि मला तुझं चार ओळींचं का होईना, उत्तर.

तुझा,
भाऊ


१६ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

अरे बाइंडर, उभा जन्म पुस्तकं कातरण्यात गेला आणि बाबांचं डोकं कुणी कातरलं ते तुला ओळखता येईना? जुन्या चॅनलचं चित्र चौरसासारखं, तुझा टीव्ही आडवा. पडदा भरायचा म्हणून तो चित्र मोठं करतो आणि वरखाली छाटून टाकतो. रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटण असेल, ‘चार-तीन’ दिसेपर्यंत दाब. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील, पण बाबा पुरते दिसतील.

मला कसं ठाऊक, विचारशील. आमच्या टीव्हीनेही हेच केलं होतं. मीही दर रविवारी सातला बसते, घरचे झोपलेले असताना. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तू चिडवलं असतंस.

आता मनातलं लिहिते. आईसाठी पूर्वेच्या खिडकीची खोली रंगवून घेतली आहे. ती इथे पोचेपर्यंत बटण दाबू नकोस, असं लिहायला पेन कितीदा टेकवलं. आज्ञा करत नाही. तुझ्या देवाला विचार आणि कर. दाबलंस तर रागावणार नाही. थोडीशी रागावेन, तेवढं सोसून घे.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन रविवार बोट त्या बटणावर ठेवून उचललं. नाही दाबलं तर देवापुढे खोटा. आणि दाबलं तर ते आईने इथेच राहावं म्हणून की काय, माझं मलाच उमगेना.

गेल्या आठवड्यात प्रेसमध्ये प्रार्थनापुस्तकांचा गठ्ठा कातरायला होता. समास अगदी बेताचा. पातं खाली आणण्याआधी सवयीने वरचं पान उचलून पाहिलं, पहिली ओळ वाचतेय ना. आणि हात तिथेच राहिला. एका ओळीसाठी यंत्र थांबवणारा मी, बाबांचा चेहरा खुशाल कातरलेला ठेवला होता.

काल रविवारी आईला आधी सगळं सांगितलं, की बाबा वर गेले नाहीत, टीव्हीने छाटलेत. ती म्हणाली, मग माझं तोंड काय बघतोस, दाब. दाबलं. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या, दाराच्या चौकटीसारख्या, आणि चौकटीत बाबा, सगळ्यांहून उंच, डोळे मिटून गाणारे. आई उठली आणि तिने बॅग उघडली. मला वाटलं, आता सामान परत कपाटात जाणार. खरं सांगू, त्याचा थोडा आनंदही झाला. पण तिने फक्त चष्मा काढला. बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो आधीच बॅगेत गेला होता.

गाणं संपल्यावर तुझं सातचं गुपितही सांगून टाकलं. तिने चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. मग म्हणाली, की इतकी वर्षं हे दोन्हीकडे जात होते आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत! लेक तिथे एकटी बघते, तिच्याशेजारी कुणी नको का? आणि मला बजावलं, की तूही सातला लाव, झोपून राहू नकोस.

फलाटावरच्या बाकावर बसून लिहितोय. पत्र तिच्याच हाती देतो. चष्मा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. तिच्यावर करशील त्या मायेतली थोडी इकडेही येऊ दे.

आईला खिडकीशी बसवलं आहे.

तुझा,
भाऊ