नदीकाठची लढाई, लेव्हल अवघड

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७

पोरगी आरोही दिवाळी संपवून लातूरला होस्टेलवर गेली. जाताना पैज लागली. लॅपटॉपवरच्या प्राचीन युद्धाच्या गेममधली नदीकाठची लढाई मी येळवसेपर्यंत, म्हणजे डिसेंबरअखेरच्या वेळ अमावास्येपर्यंत जिंकायची. जिंकलो तर ती दोन वर्षं तक्रार न करता होस्टेलवर राहणार आणि नीटचा अभ्यास करणार. हरलो तर दाखला काढून धाराशिवला परत यायचं आणि आर्ट्सला जायचं. तिला इतिहास शिकायचा आहे. इतिहास मला येतो. त्यात शिकण्यासारखं काही नाही.

पन्नास दिवस आहेत. मला आठवडा पुरे. कॉलेजच्या ऑफिसात पोरगी डॉक्टर होणार असं सगळ्यांना सांगून झालंय, त्यामुळे हरायचा प्रश्न येत नाही.

लेव्हल तिनंच सेट करून दिली. सगळ्यात अवघड ठेवली असणार. सेटिंग उघडून बघितलं नाही. ते कच्च्या माणसाचं काम.

११ नोव्हेंबर. सकाळी ५.३०

प्लॅन तयार. मागच्या वर्षीच्या प्रवेश अर्जांच्या पाठकोऱ्या बाजूवर नकाशा काढला. शत्रू नदी आणि टेकडीच्या मधे उभा आहे. आपल्याकडे भालेवाले, तिरंदाज, घोडेस्वार, गोफणवाले आणि दोन हत्ती. चारी बाजूंनी घेरायचं. एकही सुटता कामा नये.

हरलो. सराव होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

नऊ वेळा हरलो. कारणं सापडली आहेत.

एक, गोफणवाले मी सगळ्यात पुढं ठेवत होतो. गोफण आपल्या रानातली. ज्वारीवरची पाखरं लहानपणी आम्ही तिनंच हाकली. तिला मागं उभं करणं मनाला पटत नव्हतं. शत्रूचे हत्ती त्यांच्यावरून गेले.

दुसरं, एक म्हातारी अनुभवी तुकडी आहे. तिला मानानं मधोमध उभं केलं होतं, पंगतीत थोरल्यांना बसवतात तसं. ते पळून गेले. थोरल्यांनी असं वागावं याचं वाईट वाटलं.

घेरण्याची आयडिया मात्र पक्की आहे. घेरा पूर्ण झाला की स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ येते, की शत्रूला आता वाट उरली नाही, त्यांची हिंमत दुप्पट झाली आहे. हे मी आपलं कौतुक समजतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आरोहीचा फोन. रविवारी दहा मिनिटं मिळतात. जिंकलात का, असं पहिलंच विचारलं. जवळजवळ, म्हणालो. जेवण कसं आहे म्हटलं तर बरंय म्हणाली. झोप लागते का म्हटलं तर लागते म्हणाली. आवाज बसल्यासारखा वाटला. लातूरला थंडी असेल.

लातूरच्या आघाडीवर माझी तयारी चोख आहे. तिला साधा फोन दिला आहे, तोही रविवारीच हातात मिळतो. टेस्टचे मार्क माझ्या मोबाइलवर येतात. वॉर्डन मॅडम शनिवारी रिपोर्ट देतात. मावसभाऊ रुद्रेश लातुरातच असतो, तो आठवड्यातून दोनदा जाऊन बघून येतो. राजेश्वरी भाकरी थापता थापता म्हणाली, अवो, पोरगी शिकायला घातली का कोंडायला? बायकोला स्ट्रॅटेजी समजत नाही. तिचा दोष नाही.

१ डिसेंबर, रविवार

वीस पूर्ण. आज जिंकतच होतो, तेवढ्यात नळाला पाणी आलं. राजेश्वरीनं हाक मारली. हंडे भरून आलो तर हत्ती नदीत आणि मी हरलेलो. ही हार मोजणार नाही.

मोजली.

८ डिसेंबर, रविवार

सव्वीस. मान धरली आहे. आता सकाळी पाचला उठून हरायचं आणि साडेदहाला ऑफिसात जायचं. परीक्षेची व्यवस्था माझ्याकडे होती. हॉलच्या चारी दारांवर सुपरवायझर नेमले. प्राचार्य म्हणाले, एका दारानं पोरांना बाहेर तर जाऊ द्या. मोठ्या मनानं बदल केला.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ६

संकल्प. पुढचा रविवार येईपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही. डोकं शांत ठेवायचं.

त्याच दिवशी, सकाळी ८

हरलो.

२२ डिसेंबर, रविवार

अडतीस. थकलो आहे. नकाशे काढायला पाठकोरे अर्जसुद्धा संपले.

आरोही आज पुष्कळ बोलली. अजून हरताय ना पप्पा, असं विचारून हसली. तिचं हसू दिवाळीनंतर पहिल्यांदाच ऐकलं. तिच्या आईला म्हणाली, माझं टेबल पुसून ठेव. मी याचा अर्थ लावला. शत्रू गाफील आहे.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

बेंबळीला आईकडे आलो, रानात. आरोही लातूरहून सकाळीच आली. कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळं यथासांग. मी लॅपटॉप घेऊन कोपीच्या सावलीला बसलो. चाळीस वेळा हरून झालेलं, बॅटरी तेरा टक्के.

आई शेजारी येऊन बसली. तिनं, म्हणजे धुरपताबाईंनी, उभा जन्म मेंढरांमागं काढला, अजूनही चार शेळ्या आहेतच. घटकाभर बघितलं आणि म्हणाली, आरं शंकर, चारी अंगानं कोंडल्यावर गरीब मेंढरू बी अंगावर येतंय. एक बाजू मोकळी सोड. जात्यात आपसूक.

मी तिला समजावलं की हे हत्तींचं युद्ध आहे. ती म्हणाली, आसंल बाबा. आईचं मन राखावं म्हणून नदीकडची बाजू मोकळी सोडली.

तीन मिनिटं. शत्रू त्या बाजूनं पळून गेला. हत्तीसुद्धा गेले. जिंकलो. मी इतका ओरडलो की शेजारच्या रानातला श्रीमंत नावाचा शेतकरी काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं साप निघाला. त्याला सगळी व्यूहरचना समजावून सांगितली. ऐनवेळी मला सुचली असं सांगितलं, कारण तपशिलात जायला वेळ नव्हता.

आरोहीच्या हातात उंडा तसाच राहिला. अभिनंदन पप्पा, म्हणाली. मग आजीबरोबर रानात आंबील शिंपडायला गेली. आजी लवकर परतली. आरोही बांधाच्या टोकाला बराच वेळ उभी होती.

३१ डिसेंबर, मंगळवार

तिला एसटीत बसवलं. एकही तक्रार केली नाही. पैजेत तसंच ठरलं होतं. पूर्वी स्टँडवर रडायची, पोट दुखतंय म्हणायची, मी रागवायचो. आज बॅग स्वतः वर ठेवली. खिडकीतून बघितलं नाही.

गाडी गेल्यावर पेढे घ्यायचे होते. घेतले नाहीत. पाय दुखत होते.

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ८

विजय पुन्हा एकदा बघावा म्हणून गेम उघडला. ऑफिसात दाखवायला फोटो हवा होता, तो शोधता शोधता सेटिंगमध्ये गेलो. लेव्हल लिहिली होती. सगळ्यात सोपी. खाली बारीक अक्षरात, नवीन खेळाडूंसाठी.

वॉर्डन मॅडमना विनंती करून फोन लावला. आरोही म्हणाली, व्हय पप्पा, मीच ठेवली होती. वाटलं तुम्ही दोन दिवसांत जिंकताल. मग माझ्या मनाचं एकदाचं मिटंल, ऱ्हाते म्हणावं हितंच. पण तुम्ही हरतच राहिलात. मग मला आशा लागली.

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. वर म्हणाली, मान जपा.

मी चाळीस वेळा हरलो तेच बरं चाललं होतं.

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६

ऑफिसात रजा कळवली. लातूरची साडेसातची गाडी आहे. राजेश्वरीला सांगितलं. तिनं दोन डबे भरले.

आरोहीच्या दाखल्याचा अर्ज लिहिला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे अर्ज घेतोय, त्यामुळे लिहायला वेळ लागला नाही. कारण या रकान्यात सगळे 'घरगुती अडचण' लिहितात. मीही तेच लिहिलं. अडचणीचं नाव लिहायला वेगळा रकाना नसतो, म्हणून खाली सही केली.