मुंगीला समजून घेणे

सोमवार, ४ ऑगस्ट

आज मीटिंगमध्ये मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, काही मुलं हुशार असूनही मागे का पडतात, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी वर राहिली. (मानेला पट्टा आहे.) काम माझ्याकडे आलं. बावीस वर्षं गणित शिकवल्यावर शेवटी कुणीतरी माझी पारख केली.

विद्यार्थिनी ठरवली. आठवी ब, तिसरा बाक. अक्षर इतकं बारीक की स्टाफरूममध्ये तिला मुंगी म्हणतात. बुद्धिमापन चाचणीत वर्गात पहिली. गणितात चाळीसपैकी अकरा.

संकल्प: सहा आठवड्यांत मुंगीला पूर्ण समजून घेणे. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'कारणे' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

बुधवार, ६ ऑगस्ट

बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली दिली. मुंगीने एकेचाळीस ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं. प्रश्न सतरा: अभ्यासाला बसल्यावर मनात काय येतं? उत्तर: 'काय लिहू ते सांगा.'

मोकळी होत नाही. समोरासमोर बोलायला हवं. पण कधी? गणित, विज्ञान, भाषा बुडवून चालणार नाही. गुरुवारचे शेवटचे दोन तास चित्रकलेचे. ते तसेही फुकटच जातात. चित्रकलेच्या सरांना कळवलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. काहीतरी सांगत होते, तेवढ्यात घंटा झाली.

गुरुवार, ७ ऑगस्ट

पहिली मुलाखत. प्रयोगशाळेमागची खोली. मी पन्नास मिनिटं बोललो. ती चार शब्द: हो, नाही, हो, जाऊ? सुरुवात आशादायक.

सारखी दाराकडे बघत होती. एकाग्रता कमी. नोंद केली.

शनिवार, ९ ऑगस्ट

मुंगीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिथेच गाठलं. म्हणाली, रोज अंगावरचं पांघरूण ओढून उठवावं लागतं, गुरुवारी मात्र हाक न मारता उठते.

एकाच मुलाखतीत एवढा फरक!

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमचा आत्ताशी एकच गुरुवार झालाय. तिला संशोधनातलं कळत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मुंगीची बोटं निळ्या रंगाने माखलेली. हात धुऊन ये म्हणालो. वीस मिनिटं पत्ता नाही. शेवटी चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभी सापडली. शिस्तीवर थोडं बोललो. तिने मान डोलावली. सूर जुळतोय.

सोमवार, १८ ऑगस्ट

बाईंना पाच पानी अहवाल दिला. 'गुरुवारचा उपक्रम अत्यंत परिणामकारक ठरत आहे.' बाई खूश.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मुंगी गैरहजर. पोटदुखी.

गुरुवार, २८ ऑगस्ट

मुंगी गैरहजर. पोटदुखी. वहीत 'आहार' असा नवा मुद्दा घेतला.

मंगळवार, २ सप्टेंबर

चाचणीचे पेपर तपासले. मुंगी: चाळीसपैकी सहा. पुन्हा तपासला. सहाच. अर्धा गुण वाढवला. मग खोडला.

चित्रकलेच्या सरांकडे गेलो. त्यांनी कपाटावरून एक मोठा कागद उतरवला. मुंगीचा. आईची लॉन्ड्री. टांगलेले शंभरेक शर्ट, लांब जातील तसे लहान होत गेलेले. मी फूटपट्टी लावून बघितली. प्रमाण कुठेही चुकलेलं नाही. जूनपासून हेच प्रमाण मी तिच्या डोक्यात घालायला बघतोय.

अर्धा कागद कोरा होता. प्रदर्शनाला द्यायचं होतं म्हणे. काल मुदत संपली.

मला आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं.

"दोनदा सांगितलं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

वही उघडून बसलो. काही लिहिलं नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

उपक्रम बंद करू या, हे सांगायला बाईंकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी अभिनंदन केलं. माझ्या अहवालावरून नवं वेळापत्रक छापून आलंय. दर गुरुवारी शेवटचे दोन तास, मागे पडलेल्या अकरा मुलांसाठी, सक्तीचे. त्यांना चित्रकलेतून सूट. शिक्षक: मी.

म्हणालो, बाई, माझं जरा चुकलंय.

त्या म्हणाल्या, तुमचा हा विनयच मला आवडतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर

अकराच्या अकरा हजर. पोटदुखी चालणार नाही, असं मुंगीच्या आईला शाळेतून फोन करून बजावलं होतं म्हणे. मी नव्हतं बजावलं.

मुंगीला म्हणालो, तुझं चित्र बघितलं, फार चांगलं आहे. तिने दप्तर उघडलं. वही काढली, समास आखला, पेनचं टोपण उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, आज काय समजून घ्यायचंय?"

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती.

मी फळ्यावर तारीख लिहिली. अकरा जणांनी ती उतरवून घेतली. पुढचं काही सुचेना. घंटेला अजून अठ्ठ्याहत्तर मिनिटं होती.